परड्यांच्या नोंदी : दापोली तालुका, मे 2024 ते जानेवारी 2025

6 मे 2024

कामाला आज सुरुवात झाली. किनाऱ्यालगतच्या गावांत गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जमिनीचा वापर बदलत गेला, त्यामुळे घरामागच्या परड्यांतील झाडाझुडपांचे काय झाले, हे पाहायचे आहे. परडे म्हणजे मागील दारापासून गडग्यापर्यंतची (दगड रचून केलेल्या कुंपणापर्यंतची) जमीन, एवढीच व्याख्या आम्ही धरली आहे. नारळी-पोफळीचे आगर त्याला जोडून असेल किंवा नसेल.

पहिल्या यादीत मुख्य रस्त्याकाठची मोठी आगरेच भरली होती, कारण ती नजरेत भरतात आणि त्यांच्या मालकांना बोलायला सवड असते. ती यादी मी रद्द केली. डोंगराकडच्या वाडीतले दोन गुंठ्यांचे परडे किंवा बंदराकडच्या वाडीत दोन घरांच्या मधोमध उरलेली चार केळींची जागा वगळून काढलेला निष्कर्ष गावाचा नसून गावातल्या मोठ्या घरांचा ठरला असता. घरांच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या टाकून तीन वाड्यांतली 24 परडी निवडली, आणि त्यांचे चार गट पडले : जुनी वहिवाट चालू असलेली, हापूसची कलमे थेट पडवीपर्यंत आलेली, पर्यटकांसाठी खोल्या बांधलेली आणि घरधनी मुंबईला असल्याने वर्षभर कुलूप असलेली.

9 मे 2024

मोजणीची पद्धत विद्यार्थ्यांबरोबर ठरवली. प्रत्येक परड्याचे क्षेत्र टेपने मोजायचे, प्रत्येक जातीची झाडे मोजायची, ते झाड कोणी लावले की आपोआप उगवले, बेणे कुठून आले आणि त्याचा उपयोग काय, हे घरातल्या माणसाला विचारून लिहायचे. क्षेत्र मोजणे टाळता येत नाही, कारण जागा मोठी तितक्या जाती जास्त सापडतात, आणि ते लक्षात न घेता केलेली तुलना म्हणजे श्रीमंताच्या परड्याला दिलेले प्रशस्तिपत्र होते.

नुसती जातींची संख्या का पुरत नाही, हे समजावण्यासाठी फळ्यावर शॅनन निर्देशांकाचे उदाहरण घेतले. जाती किती आणि त्यांची झाडे किती समप्रमाणात, हे तो एका आकड्यात सांगतो. शंभर झाडांच्या दोन बागा घेऊ. दोन्हींत जाती चारच. पहिलीत प्रत्येक जातीची 25 झाडे आहेत, दुसरीत एका जातीची 97 आणि उरलेल्या तिन्हींचे एकेकच झाड आहे. पहिलीचा निर्देशांक 1.39 येतो, दुसरीचा 0.17. एका विद्यार्थ्याने लगेच म्हटले की दुसरी बाग आमच्या काकांची आहे. कलमबागेचे याहून नेमके वर्णन मला करता आले नसते.

17 मे 2024

सातबारा पाहिला. गाव नमुना 12 ही पिकांची नोंदवही आहे, आणि तिच्यात या घरांच्या जमिनीसमोर नारळ, सुपारी, आंबा एवढीच नावे आढळतात. काही ठिकाणी तर फक्त आंबा. कढीपत्ता, बिंबली, तिरफळ, सुरण, अनंत, अबोली यांना कोणत्याही कागदावर जागा नाही. ज्याची नोंदच झाली नाही ते नाहीसे झाल्याचीही नोंद होत नाही, त्यामुळे जुन्या स्थितीसाठी आम्हाला माणसांच्या आठवणींवर विसंबावे लागणार आहे.

आठवणींत एक खोट असते. माणसे खाल्लेले लक्षात ठेवतात, उपटून टाकलेले विसरतात. म्हणून आठवणींची यादी आणि मोजणीची यादी वेगवेगळ्या रंगांच्या कागदांवर ठेवायची आणि दोन्हींची बेरीज कधीही करायची नाही, असे ठरवले.

24 मे 2024

आज दिवसभर कलमबागवाल्यांकडे होते. 1990 मध्ये रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीला अनुदान सुरू झाले आणि नाचणी-वरीच्या वरकस जमिनींवर आंब्या-काजूची कलमे उभी राहिली. दापोलीचे कृषी विद्यापीठ 1972 पासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे कलमांची आणि सल्ल्याची इथे कधी वाण पडली नाही. या लागवडीने अनेक घरांत पैसा आला, मुलांची शिक्षणे झाली, हे लिहिले नाही तर नोंद अप्रामाणिक ठरेल.

परंतु वरकसावरच्या बदलाचा परड्याशी संबंध काय, हे मला आजवर नीट उमगले नव्हते. ते एका घरधन्याने हिशेब मांडावा तसे सांगितले. वरकसावर गुरे चरत. तिथले कवळ, म्हणजे झाडांचा पाला-फांद्या, तोडून भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजण्यासाठी, येई. कलमे लागली, कुंपणे पडली आणि चराई बंद झाली. पुढे माणसे मुंबईला गेली, भातशेती सुटली, त्याबरोबर पेंढा गेला. पेंढा नाही म्हणून गुरे विकली, आणि गुरे नाहीत म्हणून शेणखत नाही. त्यांच्या परड्यात सुरणाला खड्डा भरून शेणखत लागे आणि वेलभाज्यांच्या आळ्यांना राख व शेणखत दोन्ही. आता खताची गोण विकत येते आणि विकतचे खत जे झाड पैसे देते त्यालाच घातले जाते, म्हणजे हापूसला. परड्यातले एकही झाड कोणी मुद्दाम काढले नाही. त्यांचे खाणे बंद झाले, एवढेच.

वानरांचा उल्लेख सर्वांनीच केला. भाजी लावायची कोणासाठी, हा प्रश्न मला आज पाच घरांत ऐकू आला.

12 जून 2024

पाऊस लागला आणि आमची मोठी चूक उघडी पडली.

डोंगराकडच्या वाडीतल्या एका आजींना मेमध्ये केलेली त्यांच्या परड्याची यादी मी वाचून दाखवली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "बाई, निम्मं परडं तर निजलेलं होतं तेव्हा. निजलेल्याला तू मोजणार कशी?" मग त्यांनी बोट दाखवले, त्या ठिकाणी मेमध्ये आम्ही पातेरा तुडवत उभे होतो. तिथे हळदीची पोपटी टोके वर आली होती, पलीकडे सुरणाचा कोंब काठीसारखा उभा होता, आणि शेवग्याच्या बुंध्याशी कणगीचा वेल चाचपडत वर चढायला लागला होता. करांदे, आले, आंबेहळद ही मंडळीही उन्हाळ्यात जमिनीखाली असतात. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे ठाऊक नव्हते असे नाही. महाविद्यालयाची सुट्टी मेमध्ये असते म्हणून मोजणी मेमध्ये ठेवली होती, आणि सोयीपुढे शहाणपण गप्प बसले.

या चुकीचा परिणाम सगळ्या गटांवर सारखा पडला असता तर निदान तुलना वाचली असती. पण कंदवर्गीय वनस्पती जुन्या वहिवाटीच्या परड्यांत अधिक असतात, त्यामुळे मेच्या मोजणीने नेमकी त्यांचीच संपत्ती झाकली आणि जुन्या-नव्यातले अंतर कमी दाखवले. सर्व 24 परडी पुन्हा दोनदा मोजायची, एकदा जुलैअखेर आणि एकदा दिवाळीनंतर.

3 जुलै 2024

फेरमोजणी चालू आहे. आजींच्या परड्यात आज आम्ही अळूपाशी अडलो. आमच्या तक्त्यात 'अळू' ही एक ओळ आहे, शास्त्रीय नावही एकच. आजींच्या लेखी मात्र फदफद्याचे अळू निराळे, वड्यांचे काळ्या देठाचे निराळे, आणि रानातून येऊन गडग्याशी बसलेले तेरे हे तर परकेच. वड्यांच्या अळूचे पान त्यांनी उलटे धरून दाखवले. शिरा जांभळट आणि पान जाडसर होते. असे पान गुंडाळताना फाटत नाही. फदफद्याच्या अळवाचे देठ सोलून घ्यायचे, आणि आंबट पडले नाही तर ते घशाला खाजते.

हीच अडचण आंब्याची. रायवळ बाठ्यापासून उगवतो, त्यामुळे सहसा एका झाडाची चव दुसऱ्याला येत नाही, आणि घरात प्रत्येक झाडाला नाव असते : बिटकी, खोबऱ्या, विहिरीवरचा. हापूसची शंभर कलमे मात्र फांदीवर फांदी बांधत वाढवलेली, एका झाडाची शंभर रूपे म्हणता येतील अशी. तक्त्यात दोन्हीकडे 'आंबा' एवढेच पडते. आजपासून घरातल्या माणसाने जे वेगळे मानले त्याची वेगळी उपओळ करायची. काम दुपटीने वाढेल. हे आधीच सुचायला हवे होते.

21 जुलै 2024

पर्यटकांच्या खोल्या असलेली सहा परडी दोन दिवसांत आटोपली, कारण तिथे विचारण्यासारखे फारसे नव्हते. अरेका पाम, बोगनवेल, क्रोटन, शोभेची जास्वंद, हिरवळ. जातींची संख्या कमी नाही. एका ठिकाणी तर ती शेजारच्या जुन्या परड्याच्या बरोबरीने भरली. झाडे कुठून आणली या रकान्यात सर्वत्र 'रोपवाटिका' आले. जुन्या परड्यांत त्याच रकान्यात माहेर, मावशी, देवळामागचे घर, हर्णैची विहीण असे काही येत होते.

एका निवासात न्हाणीमागची जागा पाहायला मिळाली. पूर्वी न्हाणीचे पाणी उघड्या पाटाने केळींना आणि अळवाला जाई. आता भिंतीतून पांढरा पाइप निघतो आणि थेट शोषखड्ड्यात उतरतो. पाटाची रेघ अजून जमिनीवर दिसते, आणि तिच्या टोकाला वेलची केळीचा एक कुजका कोथळा उरला आहे. स्वच्छतेच्या दृष्टीने शोषखड्डा योग्यच आहे. डासांच्या गावात मी उघड्या सांडपाण्याची वकिली करणार नाही. पण भर उन्हाळ्यात, वेगळे शिंपणे न करता, बारा महिने ओली राहणारी परड्यातली ती एकमेव जागा होती, आणि ती गेल्यावर तिच्यावर जगणारी झाडे आपोआप गेली.

परत येताना बाकीच्या जागांचा विचार करत होते. गडग्याच्या फटींत नेचे आणि रानअळू राही. त्या ठिकाणी चिऱ्याची सिमेंटने सांधलेली भिंत आली. अडुळसा, निवडुंग आणि शेर यांची वय, म्हणजे जिवंत कुंपण, गेली, तिच्या जागी तारेचे कुंपण आले. उकिरड्यावर भोपळा आपोआप उगवे. विहिरीच्या रहाटाखाली सांडणाऱ्या पाण्यावर गवती चहा आणि अबोली असे. नळ आल्यावर रहाट थांबला. मला वाटते, आम्ही झाडे मोजत बसलो आहोत आणि खरे तर जागा मोजायला हव्यात.

8 सप्टेंबर 2024

ऋषिपंचमी. आज मोजणी ठेवली नव्हती, पण या दिवसाइतकी चांगली चाचणी दुसरी मिळणार नाही हे काल रात्री लक्षात आले. ऋषीच्या भाजीत बैलाच्या श्रमाचे काही चालत नाही, म्हणजेच ती नांगराच्या शेतातून न येता परड्यातून यायची. आम्ही अकरा घरांत भाजी चिरायला बसलेल्या बायकांना एकच प्रश्न विचारला : यातले घरचे काय आणि बाजारातले काय?

आजींच्या ताटात अळू, सुरण, माठ, पडवळ, शिराळे, भेंडी, तवसे आणि आंबटाला अंबाडे होते. भेंडी सोडून सारे त्यांचे स्वतःचे, आणि भेंडी वानरांनी नेली म्हणून शेजारची. कलमबागेच्या एका घरात फक्त अळू घरचे होते, बाकी दापोलीच्या बाजारातली तयार जुडी. ती जुडी उलगडून पाहिली तर मक्याचे कणीस, लाल भोपळ्याची फोड, चार भेंड्या, सुरणाचा तुकडा असे सगळे तिच्यात होते. रीत टिकली आहे. तिला लागणारी भाजी घाटावरच्या शेतातून, बहुधा ट्रॅक्टरने नांगरलेल्या, इथवर येते. बैलाचे श्रम त्यात नाहीत, त्यामुळे नियम मोडला असे म्हणता येणार नाही, असे त्या घरातल्या काकूंनी हसत सांगितले.

2 ऑक्टोबर 2024

कुलूपबंद घरांची परडी. मालकांची परवानगी फोनवरून घ्यावी लागली. एका घराच्या सातबाऱ्यावर इतके हिस्सेदार आहेत की परवानगी नक्की कोणाची घ्यायची, यावर त्यांच्यातच अर्धा तास चर्चा झाली.

इथे जातींची संख्या सर्वांत जास्त निघाली आणि विद्यार्थी गोंधळले. कारण उघड आहे. जुनी झाडे अजून उभी आहेत आणि त्यांच्या खाली कुडा, टाकळा, घाणेरी, रानमोडी अशी रानाची वस्ती झाली आहे. निर्देशांकही चांगला येतो. परंतु लावलेल्या वनस्पतींची यादी वेगळी काढली तर दरवर्षी हाताने बेणे लावावे लागणारी एकही जात तिथे राहिलेली नाही. तोंडलीचा वेलही घाणेरीखाली गुदमरलेला सापडला. टिकले ते वृक्ष : फणस, रातांबा, बकुळ, नारळ. माणूस गेल्यावर परडे ओसाड होत नाही, ते रान होते, आणि 'वनस्पतिवैविध्य वाढले' असे वाक्य अहवालात लिहिता येईल इतके आकडे ते आपल्याला पुरवते. तसे वाक्य लिहायचे नाही म्हणून ही नोंद.

16 नोव्हेंबर 2024

आजींकडे कणगी खणण्याचा दिवस. वेल पिवळा पडून सुकला की कंद तयार झाला असे समजतात. आजींनी आधी कोयत्याने बुडाशी असलेल्या काटेरी मुळ्या दूर केल्या, कारण उघड्या हाताने तिथे कोणी जात नाही, आणि मग लोखंडी काठीने माती सैल करत हाताच्या पंजासारखा घोस वर काढला. मोठे कंद एका सुपात, बोटाएवढे लहान दुसऱ्या सुपात. लहान ते बेणे. ते राखेत घोळून माळ्यावर ठेवायचे आणि पहिल्या पावसाच्या आधी पुन्हा लावायचे. हे एक वर्ष चुकले तर परड्यातून कणगी संपते, आणि बाजारात तिचे बेणे सहजी मिळत नाही. त्यांच्या वाडीत पूर्वी सात-आठ घरांकडे कणगी होती. एका पावसाळ्यात त्या स्वतः आजारपणामुळे मुंबईला लेकाकडे राहिल्या तेव्हा त्यांचे बेणे बुडाले. शेजारणीने नेलेल्या बेण्यातूनच पुढल्या वर्षी ते परत आले. आज शेजारणीचे घर कुलूपबंद गटात आहे.

11 डिसेंबर 2024

आकडे एकत्र मांडले. परड्यांची एकमेकांशी तुलना करण्यासाठी सोरेन्सनचा साम्यगुणांक वापरला : सामाईक जातींची दुप्पट भागिले दोन्ही याद्यांची बेरीज. एकाकडे 40 जाती, दुसऱ्याकडे 50 आणि सामाईक 36 असतील तर तो 0.80 येतो, 1 आला तर दोन्ही याद्या हुबेहूब एकच.

सर्वांत स्पष्ट फरक इथेच दिसला. जुन्या वहिवाटीची परडी आपसात बरीच वेगळी आहेत, जणू प्रत्येक घराच्या सासर-माहेरचा नकाशा त्यात उतरला आहे. पर्यटन निवासांची परडी एकमेकांशी जवळजवळ जुळतात, आणि कलमबागांचीही तीच गत. म्हणजे एकेका परड्यातल्या जातींची संख्या फारशी घटलेली दिसत नसली तरी सगळी वाडी मिळून जो साठा होता तो आटला आहे. केवळ 24 परडी, एक गाव आणि एक वर्ष एवढ्यावर मी याहून पुढे जाणार नाही. शिवाय आम्ही एकाच परड्याचा आधी आणि नंतर पाहिलेला नाही. शेजारच्या जुन्याला नव्याचा भूतकाळ मानले आहे, आणि हा पर्याय लंगडा आहे.

जागांचा नकाशाही पूर्ण झाला. न्हाणीचा पाट, उकिरडा, वय, गडगा, विहिरीचा काठ, गोठ्यामागची जमीन, मांडवाची जागा अशा सात जागा धरल्या. ज्या परड्यात यातल्या पाचाहून अधिक शिल्लक आहेत तिथे दरवर्षी लावायच्या भाज्या आणि कंद आहेत. बाकीच्यांत घराला कितीही गुंठे जमीन असली तरी नाहीत.

19 जानेवारी 2025

आगरांची राहिलेली नोंद. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात इथल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. पोफळीवर चढवलेली मिरी तिच्याबरोबर गेली, सावलीत वाढलेली जायफळे उघड्यावर पडून होरपळली. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षे लागतात, म्हणून काहींनी त्या जागी केळ लावली आणि दोघांनी जमीन विकली. जायफळाचे नुकसान अधिक खोल आहे, कारण त्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि रोप फुलावर येईपर्यंत ते कळत नाही.

रातांब्याचेही तसेच. चार परड्यांत 'वांझ' म्हणून तोडलेल्या रातांब्यांच्या आठवणी मिळाल्या. ती झाडे नर असावीत. आज त्या घरांत कोकण अमृता जातीची मादी कलमे आहेत आणि एका मालकाची तक्रार आहे की फळ कमी धरते. शेजारच्या कुलूपबंद परड्यात एक जुना नर रातांबा उभा आहे, तो कोणी तोडू नये एवढे मी त्यांना सुचवले. ते झाड ज्यांचे, ते हिस्सेदार एप्रिलमध्ये येणार आहेत.

आजींच्या घराचे काम शिमग्यानंतर निघणार आहे. लेकाने न्हाणी आत घ्यायचे ठरवले आहे. आजींचे गुडघे पाहता ते करायलाच हवे. पाट बंद होण्याआधी एकदा मोजणी करू द्यावी, अशी विनंती केली तेव्हा आजी म्हणाल्या की मोजून काय करणार, त्यापेक्षा अळवाचे चार गड्डे घेऊन जा. काळ्या देठाचे दोन आणि फदफद्याचे दोन ओल्या फडक्यात बांधून आणले आहेत. महाविद्यालयाच्या टाकीचा ओव्हरफ्लो जिथे सांडतो तिथे उद्या लावायचे.